स्क्रीन प्रिंटिंगला जाळी कितीची घ्यायची? शाई, माल आणि डिझाईन बघून मेश कशी ठरवायची

सुरुवातीच्या दिवसात मी एका लग्नपत्रिकेच्या कामासाठी दुकानात गेलो आणि नुसतं "१२० ची जाळी द्या" म्हणालो. त्यांनी मीटरभर कापून दिली, मी फ्रेमला ताणली, इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा लेप) लावलं, एक्सपोज केलं (वर डिझाईन ठेवून उजेड दिला), छापायला बसलो आणि पहिलीच पत्रिका बघून पोटात गोळा आला. "चि. सौ. कां." मधली टिंबं फुगलेली, "ष" चं पोट भरलेलं, "घ" आणि "ध" ओळखू येईनात, आणि तिरक्या रेषांच्या कडा करवतीसारख्या दातेरी. तीन दिवस मी इमल्शन बदललं, एक्सपोजरचा टाइम बदलला, शाईत थिनर कमी-जास्त केला, काहीही फरक नाही. शेवटी एका जुन्या छपाईवाल्या काकांनी ती जाळी भिंगाखाली धरली, धागे मोजले आणि म्हणाले, "अरे ही इंचाची १२० आहे, तुला सेंटीमीटरची पाहिजे होती."

म्हणजे मला पाहिजे होती त्याच्या अर्ध्यापेक्षाही जाड जाळीवर मी बारीक अक्षरं काढायला बसलो होतो. त्या दिवसापासून मी या विषयाकडे नीट लक्ष द्यायला लागलो, आणि आज जे नवीन पोरं-पोरी घरात एक टेबल टाकून टी-शर्ट, पिशव्या, पत्रिका छापायला सुरुवात करतात त्यांच्या निम्म्या अडचणी जाळीच्या निवडीतच असतात असं मला दिसतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

आधी आकडा कशाचा ते बघा

जाळीचा नंबर म्हणजे ठराविक लांबीत किती धागे आहेत ते. आता ती लांबी इंच आहे का सेंटीमीटर, इथेच सगळा घोळ आहे. अमेरिकन व्हिडिओ बघून शिकलात तर ते कायम इंचात बोलतात, ११०, १५६, २३०, ३०५ वगैरे. आपल्याकडे दुकानात बऱ्याचदा ४३टी, ७७टी, १२०टी असं बोललं जातं, ते सेंटीमीटरचं. हा "टी" खरं तर धाग्याच्या जाडीचा जुना दर्जा आहे, एस म्हणजे पातळ धागा, टी म्हणजे मध्यम, एचडी म्हणजे जाड. पण बोलताना टी म्हटलं की सेंटीमीटरचा हिशोब असं आपोआप धरलं जातं.

सेंटीमीटरचा आकडा २.५४ ने गुणला की इंचाचा आकडा येतो, बाकी काही गणित नाही. ४३टी म्हणजे इंचात साधारण ११०, ६१ म्हणजे १५५, ७७ म्हणजे १९५, ९० म्हणजे २३०, १२० म्हणजे ३०५, १४० म्हणजे ३५५, १५० म्हणजे ३८०, १६५ म्हणजे ४२०. आणि उलट बघा, इंचाची १२० म्हणजे सेंटीमीटरला जेमतेम ४७ धागे. माझ्या पत्रिकेचं काय झालं ते आता कळलं असेल. म्हणून दुकानात कायम "सेंटीमीटरची १२०" असं पूर्ण बोला आणि घरी आणल्यावर मोजूनच घ्या. यापुढे या लेखात मी सगळे आकडे सेंटीमीटरचेच देतोय.

मोजायचं कसं? आमच्याकडे इचलकरंजीच्या बाजूला यंत्रमागवाले कापडातले धागे मोजायला घडीचं छोटं भिंग वापरतात, ते सगळ्यात बेस्ट, फक्त त्याची खिडकी इंचाची आहे का सेंटीमीटरची ते आधी बघून घ्या. भिंग नसेल तर स्टीलची पट्टी जाळीवर ठेवा, खालून मोबाईलचा टॉर्च लावा, दुसऱ्या मोबाईलने एकदम जवळून फोटो काढा, झूम करा आणि २ मिलीमीटरमधले धागे मोजून पाचाने गुणा. १२० ची जाळी असेल तर २ मिलीमीटरमध्ये २४ धागे दिसायला पाहिजेत. डोळ्याला जरा ताण पडतो पण पाच मिनिटात खात्री होते.

जाळी दोन कामं करते आणि ती एकमेकांच्या विरुद्ध असतात

घरातल्या चाळण्या आठवा. रव्याची चाळण वेगळी, सपिटाची वेगळी, आणि औषधाची पूड करायची तर ती वस्त्रगाळच करावी लागते. छपाईच्या जाळीचंही तेच आहे, आणि ही तुलना मी उगाच जुळवलेली नाही, कारण आपण ज्याला बोल्टिंग क्लॉथ म्हणतो ते रेशमी कापड मुळात गिरणीत पीठ चाळायलाच वापरलं जायचं आणि छपाईवाल्यांनी ते तिथूनच उचललं. आता रेशीम गेलं, पॉलिएस्टरचा एकेरी सलग धागा आला, पण चाळणीचा नियम तोच राहिला.

आकडा लहान म्हणजे भोकं मोठी, शाई भरपूर उतरते पण बारीक रेघ धरायला आधार कमी. आकडा मोठा म्हणजे भोकं बारीक, शाई कमी उतरते पण टिंब-रेघ स्वच्छ येते. एकच आकडा शाईची जाडी पण ठरवतो आणि बारकावा पण ठरवतो, म्हणून ओढाताण होते. नवीन माणूस फक्त बारकावा बघतो, "माझं डिझाईन बारीक आहे म्हणून बारीक जाळी" असं म्हणून १२० घेतो आणि काळ्या टी-शर्टवर पांढरा छापतो. मग पांढरा राखाडी दिसतो आणि दोष शाईच्या कंपनीला.

माझं ठाम मत असं आहे की आधी शाई आणि माल बघायचा, मग बारकावा, आणि दोन्हींचं जमत नसेल तर डिझाईन बदलायचं. याच क्रमाने पुढे जाऊ.

पायरी पहिली: कशावर छापताय

सुती कापड शाई पितं. कागद थोडी पितो. स्टिकरचं विनाइल, अॅक्रिलिक, काच, पत्रा हे काहीच पीत नाहीत, त्यांच्यावर जितकी शाई उतरली तितकी वरच राहते. म्हणून कापडाला जाड जाळी, कागदाला बारीक, आणि प्लास्टिक-काचेला आणखी बारीक, हा पहिला ढोबळ अंदाज.

कापडातही फरक आहे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर आमच्याकडे कापडी पिशव्यांचं काम खूप वाढलं, त्यातलं मांजरपाट आणि जाड कॅनव्हास इतकं खरबरीत असतं की ७७ च्या जाळीने छापलं तर शाई फक्त धाग्यांच्या डोक्यावर बसते आणि मधल्या खड्ड्यात पांढरं दिसत राहतं. तिथे सरळ ४३ किंवा त्याहून जाड ३६ च्या आसपास घ्या. तिरुपूरहून येणारा चांगला कोम्ब्ड कॉटनचा टी-शर्ट मात्र गुळगुळीत असतो, त्याच्यावर ६१ किंवा ७७ पण छान बसते.

पायरी दुसरी: शाई कोणती

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा म्हणून जरा निवांत वाचा.

पांढऱ्या किंवा फिक्या टी-शर्टवर गडद रंग छापायचा असेल तर फारसा प्रश्नच नाही, ६१ ते ७७ मध्ये काहीही चालतं, पाण्याची पिगमेंट शाई असो नाहीतर प्लास्टिसॉल, म्हणजे उष्णता दिल्याशिवाय न सुकणारी प्लास्टिकची शाई. डिझाईन एकदम ठोकळ्यासारखं असेल तर ४३ ने पण होतं, फक्त शाई जास्त जाते आणि हाताला प्रिंट जाड लागतो.

गडद कापडावर पांढरा किंवा पिवळा, ही खरी परीक्षा. कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन आला की पेठापेठातून काळे, निळे टी-शर्ट येतात, गणपतीच्या आधी ढोलपथकांचे येतात, आणि सगळ्यांना पांढरा एकदम ठळक पाहिजे असतो. इथे ४३. बारकावा असेल तर ६१, पण मग छापा, फ्लॅश करा म्हणजे उष्णता देऊन वरवर सुकवा, आणि परत छापा. रबर प्रिंटचा पांढरा पण ४३ वरच चांगला झाकतो. बऱ्याच रंगांचं काम असेल तर खालचा पांढरा बेस ६१ ने मारा आणि वरचे रंग ७७ ते ९० ने, कारण वरच्या रंगांना आता झाकायचं काम उरलेलंच नसतं, ते पांढऱ्यावर बसतायत. मी खूप दिवस बेस पण ४३ आणि वरचे रंग पण ४३ करायचो, प्रिंट इतका जाड व्हायचा की टी-शर्ट घडी घातला की रंगाला घडीची रेघ पडायची.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. लाल किंवा मरून पॉलिएस्टर जर्सीवर पांढरा छापला आणि दोन दिवसांनी तो गुलाबी झाला तर जाळी बदलू नका, तो जाळीचा दोष नाही. कापडातला रंग उष्णतेने वर चढून शाईत येतो. त्याला पॉलिएस्टरसाठीची वेगळी शाई किंवा मध्ये रंग अडवणारा थर लागतो. लोक यासाठी जाळ्या बदलत बसतात आणि पैसे घालवतात.

कण असलेली शाई असेल तर हिशोब वेगळा. जाळीचं भोक हे शाईतल्या कणापेक्षा किमान तिप्पट तरी पाहिजे, नाहीतर कण भोकात अडकून पाच-दहा छापात जाळी तुंबते. भोक किती मोठं हे काढायला सोपं आहे. १ सेंटीमीटर म्हणजे १०,००० मायक्रॉन, त्याला धाग्यांच्या संख्येने भागा आणि एका धाग्याची जाडी वजा करा. जाळीच्या लेबलवर ४३-८० असं लिहिलेलं असेल तर ४३ धागे आणि धागा ८० मायक्रॉन जाड. १०,००० भागिले ४३ म्हणजे २३२, त्यातून ८० गेले, भोक १५२ मायक्रॉनचं. ७७-५५ ला भोक येतं साधारण ७५, आणि १२०-३४ ला जेमतेम ४९. कॅटलॉगमध्ये याहून थोडा कमी आकडा दिसेल कारण विणताना धागा जिथे एकमेकांवरून जातो तिथे चपटा होतो, पण आपल्या कामाला हा अंदाज पुरतो.

आता समजा पत्रिकेच्या सोनेरी शाईत २५ मायक्रॉनची पूड आहे, तर तिप्पट म्हणजे ७५ चं भोक, म्हणजे ७७ ची जाळी. आणि तुम्ही ती १२० मधून काढायला गेलात तर काय होतं ते मी बघितलंय, पहिल्या दहा-बारा पत्रिका झकास येतात, मग हळूहळू सोनं फिकं पडत जातं कारण पूड जाळीच्या वर साठते आणि खाली नुसतं तेलकट पाणी उतरतं. ग्लिटर तर फारच मोठा असतो, १०० मायक्रॉनचा ग्लिटर म्हणजे बारीक समजला जातो, त्याला १० ते १३ धाग्यांची जाळी लागते, हातात धरली की आरपार दिसते अशी. पफ (तापवल्यावर फुगणारी शाई), फॉइलचा गम, उठावाची जाड शाई, खाडी (कापडावर छापायची जाड पेस्ट) यांना ३२ ते ४३.

कागदावर साध्या शाईने पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड असेल तर १०० ते १२०. विनाइल स्टिकर, अॅक्रिलिकची नेमप्लेट, काच असेल तर १२०. यूव्ही शाई (अतिनील उजेडात सुकणारी) किंवा पत्रिकेवरचा स्पॉट यूव्ही (ठराविक जागीच दिलेला चकचकीत थर) असेल तर १४० ते १६५, कारण साध्या शाईतला सॉल्व्हंट उडून जातो आणि थर बसतो, पण यूव्हीमध्ये उडून जाणारं जवळजवळ काही नसतंच, जितकं ओलं टाकलं तितकंच सुकून राहतं. जाड जाळीने यूव्ही मारलं तर वरून कडक आणि आत कच्चं राहतं, नखाने सोलून निघतं.

पायरी तिसरी: डिझाईनमधला सगळ्यात बारीक भाग मोजा

पूर्ण डिझाईन बघू नका, त्यातली सगळ्यात बारीक रेघ आणि सगळ्यात लहान टिंब शोधा. मी वापरतो तो नियम असा की तो भाग कमीत कमी एक भोक अधिक दोन धागे इतका रुंद पाहिजे, नाहीतर तो नेमका धाग्यांच्या आड येऊन गायब होऊ शकतो. ४३-८० ला १५२ अधिक १६० म्हणजे साधारण ०.३१ मिलीमीटर. ७७-५५ ला ०.१९. १२०-३४ ला ०.१२. ही कागदावरची गोष्ट, कापडावर शाई थोडी पसरतेच त्यामुळे मी टी-शर्टला हे आकडे सरळ दुप्पट धरतो.

आता आपल्या देवनागरीचं बघा, कारण इंग्रजी व्हिडिओत हे कोणी सांगणार नाही. रोमन अक्षरात आय आणि जे वरचं टिंब सोडलं तर सुटे बारीक तुकडे फार नसतात. आपल्याकडे अनुस्वार, चंद्रबिंदू, रफार, पायातला रकार, नुक्ता, हे सगळे बारीक आणि सुटे. अनुस्वार गेला तर "चिंच" ची "चिच" होते आणि नावात अनुस्वार गेला तर गिऱ्हाईक माल परत पाठवतो. जे उडतं ते एक, आणि जे भरून येतं ते दुसरं. "ष" मधली तिरकी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूच्या फटी, "ब" च्या पोटातली रेघ, "क्ष" आणि "ज्ञ" ची गाठ, "श्री" मधला गुंता, "ध" आणि "भ" ची गाठ, इथे शाई जास्त झाली की सगळं एक होतं. म्हणून रेघेची जाडी मोजताना मधल्या मोकळ्या जागेची पण रुंदी मोजा. सॉफ्टवेअरमध्ये डिझाईन खऱ्या साइजला ठेवा, झूम करा, "श्री" किंवा "ष" शोधा आणि ०.३ मिलीमीटरचं एक गोल टिंब काढून त्या फटीत ठेवून बघा. बसलं तर ठीक. नाही बसलं तर ४३ ने ती फट कागदावरसुद्धा बुजण्याचा धोका आहे, टी-शर्टवर तर नक्कीच बुजणार.

शाई म्हणते ४३, डिझाईन म्हणतं १२०, मग?

हे रोज होतं. ढोलपथकाचा काळा टी-शर्ट, छातीवर मोठा लोगो आणि खाली इवल्याशा अक्षरात "स्थापना" आणि साल. पांढऱ्याला ४३ पाहिजे, त्या ओळीला १२०.

इथे मधली ७७ घेऊन दोघांनाही अर्धवट ठेवायचं असं बरेच जण करतात, मला ते पटत नाही, त्यात पांढरा पण मरतो आणि अक्षरं पण. मी सरळ गिऱ्हाईकाला फोन करतो की दादा ही ओळ मोठी करू या, किंवा जाड वजनाचा फॉन्ट घेऊ या, किंवा मग काढू या. अनुस्वार आणि टिंबं मी स्वतः सुटी करून थोडी मोठी करतो, "ष" ची फट थोडी उघडतो, फॉन्टवाल्याने जसं दिलं तसंच छापलं पाहिजे असं काही नाही. गिऱ्हाईक शंभरातले नव्वद वेळा ऐकतो कारण त्यालाही दहा फुटावरून वाचता येणारंच पाहिजे असतं. नाहीच ऐकलं तर त्या बारीक ओळीची वेगळी फ्रेम करा, बारीक जाळीची, आणि ती दोनदा छापा. एक फ्रेम जास्त लागते पण काम चोख होतं.

फोटो, शेडिंग म्हणजे हाफटोन असेल तर

नेत्यांचे, देवांचे, खेळाडूंचे फोटो टी-शर्टवर टाकायचे तर हाफटोन टिंबं करावी लागतात. इथे एक सोपा हिशोब आहे, हाफटोनची लाइन (म्हणजे टिंबांच्या रांगा) इंचाला जितकी, त्याच्या साडेचार ते पाच पट इंचाची जाळी. ३५ लाइनला पाचपट १७५, सेंटीमीटरला ६९, म्हणजे बाजारातली ७७ घ्या. ४५ लाइनला २२५, म्हणजे ९०. ५५ लाइनला २७५, म्हणजे १२०. हाताने छापणाऱ्याने टी-शर्टवर ४५ च्या वर जाऊच नये असं माझं मत आहे, ३५ ते ४५ मध्ये फोटो पुरेसा छान दिसतो.

टिंबांचा कोन २२.५ अंश ठेवा. ० किंवा ९० ठेवलात तर टिंबांच्या रांगा आणि जाळीचे धागे एकमेकांशी भांडतात आणि चेहऱ्यावर पाण्यात उठतात तसे तरंग उमटतात. एक्सपोज करायच्या आधी पॉझिटिव्ह, म्हणजे डिझाईन काळ्यात छापलेली पारदर्शक फिल्म, ताणलेल्या जाळीवर ठेवा, खालून लाइट लावा, आणि पॉझिटिव्ह हळूहळू फिरवा. तरंग कुठे उठतात आणि कुठल्या कोनात विरघळून जातात हे डोळ्यासमोर दिसतं. विरलेल्या जागेवर पेनाने खूण करा आणि तिथेच टेप लावा.

धाग्याची जाडी, जी कोणी विचारतच नाही

दोन जाळ्या, दोन्ही ६० च्या, आणि तरी एक भरभरून शाई देते, दुसरी देत नाही, असं झालंय का? एकीचा धागा ६४ मायक्रॉन असेल, दुसरीचा ४८. पहिलीचं भोक १०३, दुसरीचं ११९. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण एकूण जाळीतली मोकळी जागा बघितली तर पहिलीत ३८ टक्के आणि दुसरीत ५१ टक्के. म्हणजे पातळ धाग्याच्या जाळीतून बारकावा तोच राहून शाई जास्त उतरते, जोर पण कमी लागतो. गडद कापडावर पांढऱ्यासाठी हे सोनं आहे. पण ती नाजूक असते, ताणताना जोर जास्त झाला किंवा फ्रेमच्या कोपऱ्यावर खिळा लागला की टर्रकन फाटते, त्यामुळे पहिलं वर्षभर साधा मध्यम धागाच वापरा असं मी सांगेन. दुकानात धाग्याची जाडी विचारा मात्र. सांगता येत नसेल तर थानाच्या कडेला किंवा लेबलवर दोन आकडे छापलेले असतात का बघा.

पांढरी की पिवळी

७७ पर्यंत पांढरी चालते. ९० च्या वर पिवळीच घ्या. एक्सपोज करताना पांढरा धागा उजेड आडवा पसरवतो, तो काळ्या रेघेच्या खाली घुसतो आणि बारीक रेघ धुताना उघडतच नाही. पिवळा धागा तो उजेड अडवतो. फक्त एक्सपोजरचा वेळ वाढतो, दीडपट ते दुप्पट धरून चला आणि आधी एका जुन्या फ्रेमवर पट्ट्या-पट्ट्याने झाकून टाइम काढा. पांढरीचा टाइम पिवळीला लावला की धुताना इमल्शन वाहून जातं.

बाकीच्या गोष्टी, ज्यांचा दोष जाळीवर जातो

ढिली जाळी. ताणलेल्या जाळीवर टिचकी मारली की डफासारखा आवाज यायला पाहिजे. ढिली असेल तर स्क्वीजीबरोबर (शाई ओढायची रबराची पट्टी) जाळी सरकते, कडा दुहेरी येतात, आणि लोक म्हणतात जाळी जाड आहे. लाकडी फ्रेम पावसाळ्यात वाकते आणि कोपऱ्यात ढिली होते, शक्य असेल तर अॅल्युमिनियमची घ्या.

पातळ इमल्शन. ४३ च्या जाळीचे धागे जाड, तिच्यावर एक हलका हात मारला तर इमल्शन धाग्यांच्या मध्ये खोलगट बसतं आणि कड धाग्याच्या पायऱ्यांवरून जाते, तेच ते करवतीचे दात. छापायच्या बाजूने दोन आणि स्क्वीजीच्या बाजूने दोन हात द्या, सुकवताना छापायची बाजू खाली ठेवा. बारीक जाळीला एक-एक हात पुरतो.

जाळी कापडाला चिकटलेली. फ्रेम आणि मालामध्ये नाण्याएवढं, २-३ मिलीमीटर अंतर ठेवा, म्हणजे स्क्वीजी पुढे गेली की मागे जाळी पटकन सुटते. अंतर नसेल तर शाई कुठलीही असो, पसरतेच.

आणि ऊन. एप्रिल-मे मध्ये सोलापूर, मराठवाडा, विदर्भात पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याची शाई ९० च्या जाळीत दोन छापात सुकते. पंखा जाळीवर येऊ देऊ नका, शाईत रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घाला, प्रत्येक छापानंतर शाईचा एक पातळ थर जाळीवर परत ओढून ठेवा, आणि तरी तुंबत असेल तर एक नंबर खाली या, ९० ऐवजी ७७, ७७ ऐवजी ६१. मी उन्हाळ्यात पाण्याच्या शाईला ७७ च्या वर जातच नाही. कोकणात पावसाळ्यात बरोबर उलट, जाळी तुंबत नाही पण माल सुकत नाही, तिथे जाड जाळीने ओतून छापलं तर टी-शर्ट एकमेकांना चिकटतात.

सुरुवातीला घ्यायच्या कुठल्या

दहा जाळ्या घेऊ नका. फक्त कपडा करणार असाल तर ४३ च्या दोन, ६१ ची एक, ७७ ची एक. पत्रिका-स्टिकर करणार असाल तर १२० पिवळीच्या दोन आणि सोनेरीसाठी ७७ ची एक. ग्लिटरची जाळी काम आल्यावरच आणा.

मग एक दिवस काढा आणि हे नक्की करा. एकच छोटं डिझाईन बनवा, त्यात ०.१, ०.२, ०.३, ०.५ मिलीमीटरच्या रेघा, तेवढीच टिंबं, "श्री", "ष", "क्ष", "चिंच" ही अक्षरं १०, १४, १८ आणि २४ पॉइंटला, आणि एक दोन इंचाचा भरीव चौकोन. तुमच्याकडच्या प्रत्येक जाळीवर तेच एक्सपोज करा, आणि काळ्या कापडाच्या तुकड्यावर पांढरा, पांढऱ्यावर काळा, आणि पत्रिकेच्या कागदावर असं छापा. प्रत्येक तुकड्यावर मार्करने लिहा, जाळी कितीची, धागा किती मायक्रॉनचा, शाई कोणती, किती हात मारले. ते तुकडे फाइलमध्ये लावून टेबलाजवळ ठेवा. गिऱ्हाईक डिझाईन घेऊन आलं की त्याला ही फाइल दाखवायची, "हे बघा, काळ्यावर १० पॉइंटचं श्री असं येतं आणि १८ चं असं येतं", तो स्वतःच म्हणतो मोठं करा.

आणि प्रत्येक फ्रेमच्या लाकडावर किंवा अॅल्युमिनियमवर पक्क्या मार्करने आकडा लिहा, "४३-८०, सेंमी" असा, दोन बाजूंना. धुऊन धुऊन जाळीवर जुन्या प्रिंटचे डाग बसले की नुसत्या डोळ्यांनी ६१ आणि ७७ ओळखता येत नाही, आणि घाईच्या वेळी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात रात्री दोन वाजता, भिंग काढून धागे मोजायला कोणाला वेळ नसतो.